सावद्याच्या केळी चेंबरचं ऑइल : तीन मशीन, पाच तेलं, मे ते सप्टेंबर २०२४

माझं रेफ्रिजरेशनचं काम जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर-सावदा-रावेर पट्ट्यात चालतं. गिऱ्हाईक बहुतेक केळीवाले. सावद्याला एका बागायतदाराचे तीन रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोल्या, आहेत. त्या बागायतदारांना सगळे आप्पा म्हणतात. प्रत्येक चेंबरला ५ एचपीचा सेमी-हर्मेटिक (मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद कवचात) कॉम्प्रेसर, गॅस आर-२२, आत मिनरल ऑइल, म्हणजे खनिज तेल. १ जानेवारी २०२५ पासून आर-२२ वर नवीन मशीन बनवणं देशात बंद होणार होतं. सर्व्हिसला गॅस मिळणार होता, पण दरवर्षी कमी आणि महाग. म्हणून दोन मशीन आर-४०७सी या दुसऱ्या गॅसवर न्यायची आणि तिसरी आहे तशी ठेवायची असं ठरलं. आर-४०७सी मिनरल ऑइलमध्ये विरघळत नाही, म्हणजे तेल परत कॉम्प्रेसरकडे नीट येत नाही. त्यामुळे सिंथेटिक ऑइल आलंच. कोणतं घ्यायचं, यावर दुकानदार, मिस्त्री आणि डब्यावरचा मजकूर, तिघं तीन गोष्टी सांगतात. म्हणून स्वतः करून बघितलं आणि रोज लिहून ठेवलं. ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी.

२ मे, गुरुवार

काहीही उघडण्याआधी तिन्ही मशीनची जुनी रीडिंग घेतली. चेंबरमध्ये १७ अंश. दुपारी ३ वाजता बाहेर ४२. एक नंबरचं सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचं प्रेशर, ७८ आणि डिस्चार्ज, म्हणजे बाहेर पडणाऱ्याचं, ३१५ पीएसआय. कॉम्प्रेसरपासून सहा इंचांवर डिस्चार्ज पाइपाचं तापमान ९८ अंश. करंट ९.१ अँपिअर. दोन आणि तीन नंबर याच्याच आसपास.

सहा इंचांवरचं हे तापमान मी कधी सोडत नाही. इथे १०७ च्या वर गेलं की आत व्हाल्व्हपाशी तेल जळायला लागलं असं धरायचं. आपल्याकडच्या उन्हात ९८ म्हणजे फार सवड नाही.

एक नंबरचं थोडं तेल बाटलीत काढलं. कोऱ्या चहासारखं काळसर लाल. नवं असताना ते जवळजवळ पाण्यासारखं असतं.

३ मे

कॉम्प्रेसरच्या पाटीवर तेलाचा ग्रेड, म्हणजे जाडी, ६८ आहे आणि पॉलिओल एस्टर, म्हणजे आपण ज्याला पीओई म्हणतो ते, चालेल असं कंपनीच्या तक्त्यात लिहिलेलं आहे. हे आधी बघा. पाटीवर ३२ असेल तर ६८ घालू नका, ६८ असेल तर ३२ घालू नका. दुकानात जे शिल्लक असेल ते गळ्यात मारतात.

खरेदी : एका कंपनीचं पीओई एक-एक लिटरचे आठ पत्र्याचे डबे, दर १,०५०. दुसऱ्या कंपनीचं पीओई पाच लिटरचे दोन कॅन, दर ४,६००. अल्किलबेंझिन (हेही सिंथेटिक तेल) तीन लिटर, दर ५२०. मिनरल माझ्याकडे होतंच, ते ३४० ला पडतं. पीव्हीई (पॉलिव्हिनाइल ईथर) आणि पीएजी (पॉलिअल्किलीन ग्लायकॉल) ही आणखी दोन सिंथेटिक तेलं फक्त चाचणीपुरती. पीव्हीई एका जपानी एसीच्या कामातून उरलेलं, सीलबंद. पीएजी गाडीच्या एसीवाल्या मित्राकडून.

तेलं पत्र्याच्या डब्यातच घ्या. प्लॅस्टिकच्या भिंतीतूनही ओल आत जाते.

४ मे

फैजपूरच्या एका सोनार मित्राचा जुना काटा आणला. ३०० ग्रॅमपर्यंत चालतो आणि एक मिलिग्रॅम दाखवतो. कल्पना साधी : पाच स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीत १०० ग्रॅम तेल, वर मलमलचं फडकं, आणि तीन दिवसांत कोण किती पाणी ओढतं ते वजनावर बघायचं. १०० ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅम पाणी म्हणजे दहा लाखात ५० भाग, ५० पीपीएम. चालू मशीनमध्ये पीओईला त्याच्या वर पाणी असू नये.

पहिला अर्धा दिवस वाया गेला. पंखा चालू होता, काटा स्थिर होईना. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, ४० अंशांत घाम पुसत वजनं घेतली. घामाचा थेंब वाटीत पडला तर सगळं मुसळ केरात, म्हणून डोक्याला रुमाल बांधला.

७ मे

तीन दिवसांची वाढ. मिनरल ३ मिलिग्रॅम, अल्किलबेंझिन ४. यात धूळही आली असेल, म्हणून तेवढं सगळ्यांतून वजा धरा. पीओई ३१. पीव्हीई ८८. पीएजी ४१०.

हवा एवढी कोरडी की ओले कपडे पाऊण तासात वाळतात. तरी उघड्या वाटीत पीओई हद्दीच्या सहापट गेलं. पावसाळ्यात काय होईल ते बघण्यासाठी हीच चाचणी जूनमध्ये परत करायची.

८ मे, एक नंबर, पहिली धुलाई

पद्धत : गॅस आर-२२ च ठेवायचा. जुनं तेल काढायचं, पीओई भरायचं, मशीन चोवीस तास चालवायची, परत काढायचं. पीओई आर-२२ मध्येही चालतं आणि जुन्या तेलातही मिसळतं, म्हणून ते पाइपात, कॉइलमध्ये बसलेलं मिनरल ऑइल आपल्याबरोबर घेऊन येतं. मिनरल ५ टक्क्यांच्या खाली आलं की मगच गॅस बदलायचा.

हिशोब असा. पूर्ण सिस्टिममध्ये साधारण ३ लिटर तेल. ड्रेनमधून २.३ निघालं, ०.७ कुठेतरी राहिलंच. म्हणजे एका धुलाईनंतर मिनरल २३ टक्के, दुसरीनंतर साडेपाच, तिसरीनंतर सव्वा. दोन धुलायांवर भागवणारे लोक नेमके त्या साडेपाचवर थांबतात.

मोजायला मधाचा रिफ्रॅक्टोमीटर वापरला, ५८ ते ९० ब्रिक्सचा. द्रवातून प्रकाश किती वाकतो ते तो ब्रिक्समध्ये दाखवतो, आणि दोन तेलांचा आकडा वेगळा येतो. द्राक्ष-केळीवाल्यांकडचा ० ते ३२ चा चालत नाही, त्याच्यात तेलाची रेघच दिसत नाही. नवं पीओई ६६ दाखवतं, माझं मिनरल ८२. मधलं अंतर १६. त्यामुळे प्रत्येक १ ब्रिक्स म्हणजे साधारण ६ टक्के मिनरल. आपल्या तेलाची दोन्ही टोकं आधी स्वतः मोजून घ्या, माझे आकडे धरू नका.

९ मे

काढलेलं तेल ६९.५ ब्रिक्स. म्हणजे २२ टक्के. हिशोबाला धरूनच आहे. दुसरी धुलाई भरली.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

मदतनीस मुलगा अमळनेरकडचा, तो सणाला गावी गेला. आप्पांच्या घरी आमरस-पुरणपोळीचं बोलावणं होतं. जेवून चेंबरवर चक्कर मारली तर लिक्विड लाइनचा ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा अडवणारी डबी) हाताला थंड. अलीकडची नळी गरम, पलीकडची गार आणि घामेजलेली. ड्रायर चोक.

कारण पीओईच. ते तेल कमी आणि साबण जास्त असं वागतं. पंधरा वर्षं पाइपाच्या आतून बसलेला काळा थर त्याने दोन दिवसांत सोडवला आणि नेऊन ड्रायरमध्ये भरला. मशीन बंद, एक नंबरमधली केळी तीन नंबरमध्ये हलवायला सहा माणसं लागली. सणाच्या दिवशी माणसं मिळवणं किती अवघड असतं ते इथल्यांना सांगायला नको. आप्पा काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

ड्रायर कापून उघडला. आत गाळण्यावर शाईसारखा चिकट लगदा, बोटाला लागला तर दोन दिवस निघाला नाही. ड्रायर ९५०, मजुरी १,८००.

पुढच्यांनी हे करा : पहिल्या धुलाईबरोबरच नवा ड्रायर घाला आणि तो धुलाईपुरताच आहे असं समजा. सक्शनला तात्पुरता फिल्टर लावा. गॅस बदलताना आणखी एक नवा ड्रायर वेगळा.

१३ मे

मतदान. सकाळी सातला मत देऊन कामावर. दुसऱ्या धुलाईचं तेल ६७. म्हणजे ६ टक्के. इथे थांबायचा मोह झाला, कारण एक भरणा म्हणजे अडीच हजार रुपये. तिसरी भरली.

१५ मे

तिसरीचं तेल ६६.२. एक-सव्वा टक्का. तेलाचा रंगही आता फिक्या मधासारखा. मशीन बंद.

१६ ते १८ मे

आर-२२ रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेतला, ८ किलोपैकी ७.३ किलो मिळाला. तो तीन नंबरच्या कामी येईल. हवेत सोडून द्यायचा नाही. एक तर तो ओझोनला मारक, आणि आता तो पैसाही आहे.

नवा ड्रायर, नायट्रोजनने ३०० पीएसआयला रात्रभर प्रेशर टेस्ट, मग व्हॅक्युम. पाच तासांत ४५० मायक्रॉन (व्हॅक्युमचं माप, आकडा जितका कमी तितका व्हॅक्युम चांगला). पंप बंद करून पंधरा मिनिटं थांबलो, ६२० ला जाऊन थांबला. चांगलं. थेट वर चढत राहिला असता तर लीक, दीड हजाराच्या आसपास थांबला असता तर ओल.

ताजं पीओई भरलं. आर-४०७सी तीन गॅसचं मिश्रण आहे, म्हणून सिलिंडर उलटा करून लिक्विडच भरायचा. वाफ भरली तर मिश्रण बिघडतं. ७.४ किलो घेतला. एक्स्पान्शन व्हाल्व्ह (कॉइलमध्ये गॅस किती सोडायचा ते ठरवणारा) अर्धा फेरा फिरवावा लागला.

२५ मे

पारा ४५ च्या आसपास. उष्णतेमुळे जिल्ह्यात कलम १४४ चा आदेश निघाला आहे. दुपारी २.४० ला एक नंबर हाय प्रेशरवर ट्रिप. कटआउट, म्हणजे प्रेशर फार वाढलं की मशीन बंद करणारा स्विच, ३५० ला लावलेला. चेंबर २१ अंशांवर गेलं. त्या तापमानाला केळी आतून मऊ पडते आणि रंग मागे राहतो. चाळीस क्रेटवर परिणाम झाला, ती आप्पांनी इथल्याच बाजारात उतरत्या भावाने दिली.

एक ओळखीचा मिस्त्री फोनवर म्हणाला, "कटआउटचा स्क्रू फिरव, ४०० कर." नाही फिरवला. आर-४०७सी चं प्रेशर आर-२२ पेक्षा थोडं जास्त असतं हे खरं. पण मी संध्याकाळी कंडेन्सरची जाळी उघडली तर आतल्या फिन्समध्ये केळीच्या पानांचे तंतू आणि कापसाचे पुंजके गच्च. वरून धुऊन उपयोग नव्हता, मागून पाणी मारावं लागलं. कंडेन्सरवर ग्रीननेटची सावली केली, हवा अडणार नाही अशी दीड मीटर वर.

२६ ला तीच वेळ, तोच पारा : डिस्चार्ज ३२५. डिस्चार्ज पाइप ९१ अंश. म्हणजे आर-२२ वर ९८ होतं, आता ७ अंशांनी कमी. ही गॅसची खोड आहे, तेलाची नाही. पण त्याचा फायदा तेलालाच.

३ जून

एक नंबरच्या सर्व्हिस व्हाल्व्हच्या दांडीखाली ओलसर डाग आणि त्यावर धूळ बसलेली. साबणाचं पाणी लावलं, बारीक बुडबुडे. ऑइल साइट ग्लासच्या गॅसकेटलाही तेच.

ही माझी चूक. जुने रबराचे ओ-रिंग वर्षानुवर्षं आर-२२ आणि मिनरल ऑइल पिऊन फुगलेले असतात. तेल बदललं की ते आक्रसतात आणि जागा सोडतात. गॅस बदलतानाच सगळे ओ-रिंग, गॅसकेट आणि व्हाल्व्हच्या पिना बदलायला हव्या होत्या. १,४०० चा संच वाचवला आणि सहाशे ग्रॅम गॅस, दीड दिवस आणि परत व्हॅक्युम असं घालवलं. दोन नंबरला हे पहिल्यांदाच करणार.

११ जून

पहिला चांगला पाऊस झाला. काटा परत काढला. त्याच वाट्या, ताजी तेलं.

१४ जून

तीन दिवसांची वाढ : मिनरल ४, अल्किलबेंझिन ६, पीओई १४६, पीव्हीई ४७०, पीएजी १,९०० मिलिग्रॅमच्या वर. पीएजीच्या वाटीत जवळजवळ दोन ग्रॅम पाणी आलं आणि डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. तसंच चकचकीत, तसंच स्वच्छ.

यावरून पीव्हीई पीओईपेक्षा वाईट असं कुणी म्हणेल, पण ते बरोबर नाही. पीओई पाण्याबरोबर गरम झालं की फुटतं, त्याचं आम्ल आणि अल्कोहोल होतं, आणि मग ते आम्ल तांब्याला आणि मोटरच्या वायंडिंगला लागतं. पीव्हीई पाणी जास्त पितं पण फुटत नाही, ड्रायर ते पाणी हळूहळू उचलतो. ज्या मशीनला कंपनीने पीव्हीई सांगितलं आहे तिथे तेच घाला. पीएजी गाड्यांच्या एसीसाठी ठीक, तिथे मोटर तेलात बुडालेली नसते. आपल्या सेमी-हर्मेटिकमध्ये मोटरची वायंडिंग त्याच गॅस-तेलाच्या वाफेत असते आणि पीएजी वीज अडवायला कमी पडतं. माझ्याकडे ते येणार नाही.

१७ ते २१ जून, दोन नंबर

दुसऱ्या कंपनीचं पीओई. सक्शन फिल्टर आणि धुलाईचा ड्रायर आधीच लावला. ओ-रिंग सगळे बदलले. रीडिंग ६९.८, मग ६६.९, मग ६६.२. एक नंबरसारखंच. गॅस रिकव्हर केला.

२२ जून, शनिवार

शेवटचा भरणा करायचा म्हणून मदतनीस मुलाने अडीच लिटर पीओई बादलीत ओतलं, हातपंपाची नळी त्यात सोडायची असते. तेवढ्यात लाइट गेली. रावेरहून एका डेअरीच्या बल्क कूलरचा फोन आला, दूध नासत होतं. आम्ही दोघं तसेच गेलो. रात्री अकराला सुटलो आणि घरी गेलो. रविवारी आलोच नाही.

२४ जून, सोमवार

बादली तशीच. वर वर्तमानपत्राचा कागद. मुलगा म्हणाला, "कागद झाकेल व्हता ना, भाऊ." त्याचा दोष नाही, वाट्यांची चाचणी मी त्याला नीट समजावून सांगितलीच नव्हती. बाहेर दोन दिवस झड लागलेली.

आणि मी ते तेल भरलं. माझ्या समोर वाट्यांचे आकडे भिंतीवर लिहिलेले होते, तरी भरलं. कारण ते २,३०० रुपयांचं तेल होतं, कॅनमध्ये दुसरं शिल्लक नव्हतं आणि आप्पांचा माल मंगळवारी चेंबरमध्ये यायचा होता. मनात म्हटलं, व्हॅक्युम जरा जास्त वेळ मारू.

दुसरी चूक त्याच दिवशी दुपारी लक्षात आली. नव्या ड्रायरची टोपणं मी सकाळी नऊला काढून ठेवली आणि ब्रेझिंगला, म्हणजे नळ्या जोडायला, लागलो. ड्रायर बसला दोनला. पाच तास तो पावसाळी हवा पीत होता. बसवण्याआधीच अर्धा भरलेला.

आठ तास व्हॅक्युम मारला. ५०० च्या खाली गेला, पण पंप बंद केला की वीस मिनिटांत १,४०० वर येऊन थांबायचा. पीओईमध्ये शिरलेलं पाणी नुसतं साचलेलं नसतं, तेलाला धरून असतं. नळीतलं पाणी व्हॅक्युमने उडतं, तेलातलं उडत नाही.

२६ जून

लिक्विड लाइनच्या साइट ग्लासचा ठिपका (गॅसमध्ये ओल असली की रंग बदलतो तो) पिवळा. हिरवा हवा होता.

हिशोब केला. अडीच लिटर पीओई म्हणजे २.४ किलो. ५० पीपीएमला त्यात ०.१२ ग्रॅम पाणी बसतं, दोन-तीन थेंब. वाटीत तीन दिवसांत १४६ मिलिग्रॅम, म्हणजे १,४६० पीपीएम, आलं होतं. बादली खोल, म्हणून एक तृतीयांश धरलं तरी ५०० पीपीएम. म्हणजे सव्वा ग्रॅम. चोवीस थेंब. पाव चमचा पाणी पाच एचपीच्या मशीनला भारी पडतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा थेंबांत मोजलं.

आणखी एक गोष्ट. ही मशीन उणे तापमानाची असती तर एक्स्पान्शन व्हाल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरला असता आणि तासाभरात कळलं असतं. केळीच्या चेंबरला कॉइल शून्याच्या बरीच वर असते, पाणी गोठत नाही, मशीन छान थंड करते. तक्रार कुणाचीच नाही. ते आम्ल करत आत फिरत राहतं आणि वर्ष-दीड वर्षाने मोटर जळते, तेव्हा सगळे व्होल्टेजला दोष देतात.

२७ जून ते १ जुलै

ड्रायर बदलला, या वेळी टोपण काढलं ते बसवायच्या क्षणी. दुसऱ्या दिवशी ठिपका पिवळट हिरवा. १ जुलैला पूर्ण हिरवा. पाणी गेलं.

९ जुलै

भुसावळच्या एका बर्फ कारखान्याचे मालक विचारत होते, आमच्या अमोनियात हे पीओई चालेल का. नाही. अमोनिया आणि पीओई एकत्र आले की लगदा होतो. अमोनियाला मिनरल, नाहीतर पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन, आणखी एक सिंथेटिक तेल). पीएओ थंडीत छान पातळ राहतं, पण जुनी सील त्याने आक्रसतात. ते काम माझं नाही, मी अमोनियाच्या मिस्त्रीकडे पाठवलं.

१२ जुलै

दोन नंबरच्या तेलाची आम्ल चाचणी. किटमध्ये रंग बदलतो. एक नंबरच्या तेलाने रंग ठेवला. दोन नंबरचा थोडा फिकट झाला, पूर्ण बदलला नाही. शेजारी शेजारी बाटल्या धरल्या तर कळत होतं, एकटी बाटली बघितली असती तर सुटलं असतं. पाणी गेलं तरी त्याने जे आम्ल करायचं ते करून ठेवलं होतं.

तेल परत काढलं. या वेळी त्याच दुसऱ्या कंपनीचे एक-एक लिटरचे तीन डबे, एक उघडला की तो पंपाने थेट आत, मग दुसरा. बादली नाहीच. तिसऱ्या डब्यात अर्धा लिटर उरलं ते जुन्या तेलाच्या पिंपात टाकलं. जीवावर आलं, पण उघडलेला डबा परत मशीनला घालायचा नाही.

दोन नंबरचा जास्तीचा खर्च : वाया गेलेलं तेल २,३००, नवे तीन डबे ३,१५०, ड्रायर ९५०, वाढीव व्हॅक्युम आणि तीन फेऱ्या धरून माझे दोन दिवस. आप्पांकडून यातला एक रुपया घेतला नाही.

१८ जुलै

एका आइस्क्रीमवाल्याचं उणे १८ चं कोल्डरूम सर्व्हिसला होतं, म्हणून तिथे एक गोष्ट करून बघितली. दोन परीक्षानळ्या, एकीत पीओई ६८, एकीत मिनरल ६८, रात्रभर आत. सकाळी प्रत्येकीत सायकलच्या बेअरिंगची बारकी गोळी सोडली. पंधरा सेंटिमीटर उतरायला पीओईमध्ये २८ सेकंद. मिनरलमध्ये दीड मिनिटाच्या वर. डब्यावर दोन्हीकडे ६८ लिहिलेलं आहे, पण ते ६८ चाळीस अंशांचं. थंडीत दोघांचा स्वभाव वेगळा. कॉइलमधून तेल का परत येत नाही हे मुलाला समजवायला ही गोळी पुरली, तो नंतर स्वतः तिसऱ्या नळीत अल्किलबेंझिन घेऊन बसला.

५ ऑगस्ट, तीन नंबर

श्रावण लागला. उपवासाची केळी, चेंबर एक दिवस रिकामं नाही. तीन नंबर आर-२२ वरच, फक्त मिनरलच्या जागी अल्किलबेंझिन. हे मिनरलमध्ये बिनदिक्कत मिसळतं, धुलाई लागत नाही. एका रात्रीत काम झालं.

२० ऑगस्ट

तीन नंबरची रीडिंग : आधीसारखीच. डिस्चार्ज पाइप तेवढाच, करंट तेवढाच. अल्किलबेंझिनचा गुण दिसतो तो आर-२२ च्या उणे तापमानाच्या खोल्यांत, जिथे मिनरल कॉइलमध्ये अडकून बसतं. केळीच्या चेंबरला ते घालून मी आप्पांचे मिनरलपेक्षा जास्तीचे पाचशे रुपये वाया घालवले असं म्हणावं लागेल. सांगितलं त्यांना तसं.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. आज तिन्ही मशीनचे नमुने काढून खिडकीत ठेवले.

एक आणि दोन नंबरमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचं पीओई आहे. साडेतीन महिने आणि पावणेदोन महिने चाललेलं. दोन्हीचा डिस्चार्ज पाइप एक-दोन अंशांच्या आत, करंट ९.३ आणि ९.४, तेलाची पातळी दोन्हीकडे अर्ध्या काचेवर स्थिर. कोणत्या बाटलीत कोणत्या कंपनीचं ते चिठ्ठी वाचल्याशिवाय मला ओळखता आलं नाही. दुकानात ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वाद होतो, त्या गोष्टीने गेजवर काहीच फरक पडला नाही. जो फरक पडला तो बादलीने, ड्रायरच्या टोपणाने आणि तिसऱ्या धुलाईने.

तीन नंबरच्या तेलाला अजून चहाचा रंग आहे, कारण त्यात जुनं मिनरल तसंच आहे.

पत्र्याच्या डब्यात एक फायदा दुकानदाराने सांगितला नव्हता : एक लिटरचा डबा लिटरमागे १३० रुपये महाग, पण पाचच्या कॅनमधलं उरलेलं फेकावं लागतं. ५ एचपीच्या मशीनला एक लिटरचेच परवडतात.

एका मशीनचा शेवटचा हिशोब, माझी चूक वगळून : पीओई चार भरणे दहा लिटर १०,५००, ड्रायर दोन १,९००, सक्शन फिल्टर १,१००, ओ-रिंग-गॅसकेट १,४००, आर-४०७सी ७.४ किलो दर ६५० ने ४,८१०, नायट्रोजन ६००. एकूण २०,३१०, मजुरी वेगळी. दिवस नऊ, त्यातले चेंबर बंद फक्त तीन, कारण धुलाईच्या काळात मशीन चालू असते. आठ डब्यांत मी सुरुवात केली होती, दोन कमी पडले. दहा धरा.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत काम करा असं मी म्हणेन, पण त्याच दिवसांत चेंबरवर सगळ्यात जास्त भार असतो. आप्पांशी बोलून पुढच्या वर्षीचं काम फेब्रुवारीत ठरवलं आहे, फैजपूरच्या दोन मशीन. काटा सोनाराला परत दिला. त्याने विचारलं, तेलाचं वजन करून काय मिळालं. मी त्याला मिलिग्रॅमचे आकडे दाखवले, तो म्हणाला एवढ्या वजनाला आम्हीही जपतो.

नव्या डब्यांवर मुलाने स्वतः खडूने लिहिलं आहे : उघडल्याची तारीख, वेळ.